बोक्याला एफआयव्ही निघालाय, घरात दुसरी मांजर आहे. काय करू?

तांबट_लेन
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. आमचं घर जुन्या नाशकात, वाड्यातलं. दीड वर्षापासून जिन्याखाली एक बोका जेवायला यायचा, आम्ही त्याला खंडू म्हणतो. मोठी गालफडं, डावा कान फाटलेला, वय असेल चार-पाच. यंदाच्या थंडीत तो हळूहळू आत यायला लागला आणि आता लेकीच्या पांघरुणावरच झोपतो. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या गालाखाली लिंबाएवढी गाठ आली, दुसऱ्या दिवशी ती फुटली आणि घरभर पुवाचा वास. दवाखान्यात नेलं, त्यांनी गळू धुऊन साफ केलं, इंजेक्शनं दिली आणि रक्ताचा थेंब घेऊन एक किट लावलं. दहा मिनिटांत त्यावर निळा ठिपका उमटला. डॉक्टर म्हणाले एफआयव्ही आहे, म्हणजे मांजरांचा एड्स, याला औषध नाही, तुमच्या दुसऱ्या मांजरालाही होणार, याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाकलेलं बरं.
दुसरी म्हणजे आमची पिठी, तीन वर्षांची भाटी, ऑपरेशन झालेली, कधी बाहेर न गेलेली. सासूबाई म्हणतात बोक्याला जिथून आला तिथे सोडा. लेक सहा वर्षांची आहे, ती त्याच्या नाकाला नाक लावते. रात्री मी खंडूला बाथरूममध्ये कोंडते आणि तो दार खरवडत बसतो. खरंच झोपवायचं का त्याला? आणि लेकीला काही धोका आहे का?

म्हसरूळकर
ताई, आज काहीही ठरवू नका. माझ्या माहितीत असे बोके वर्षानुवर्षं जगलेत. जाणकार येतीलच, तोवर त्याला बाथरूमऐवजी एखादी खोली द्या.

सातपूरचा_दादा
लेकीचं काय ते आधी कुणीतरी सांगा रे. एड्स शब्द ऐकूनच पोटात गोळा आला. त्याने ओरबाडलं तर?

पशुवैद्य_निफाड
सातपूरचे दादा, लेकीला याचा धोका नाही, शून्य. एचआयव्ही आणि एफआयव्ही एकाच कुळातले, लेन्टीव्हायरस, म्हणून 'मांजरांचा एड्स' हे नाव पडलं आणि त्या नावानेच अर्धी मांजरं मारली. एचआयव्ही माणसाच्या पेशीवरच्या सीडी४ ला चिकटतो, मांजराचा विषाणू सीडी१३४ नावाच्या वेगळ्या प्रथिनाला. दोघांची दारंच वेगळी. मांजराचा माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही. ओरबाडल्याने नाही, चावल्याने नाही, नाकाला नाक लावल्याने तर नाहीच. चावलं तर रेबीजचा विचार करायचा, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, पण ते कुठल्याही मांजराबाबत.
आता ताईंसाठी. हा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला, डेव्हिसच्या विद्यापीठात पेडरसन आणि यामामोटो यांनी शोधला. पेटालुमा गावात एकीने बरीच मांजरं पाळली होती, त्यातली काही सारखी आजारी पडायची, त्यावरून. म्हणजे विषाणू नवा नाही, आपल्याकडे टेस्ट आता जास्त व्हायला लागल्यात इतकंच.
पसरतो मुख्यतः खोल चाव्याने. लाळेत विषाणू असतो आणि सुळा कातडीच्या आत गेला की तो रक्तात पोचतो. म्हणून सगळ्यात जास्त कुणाला होतो? नसबंदी न झालेल्या, रात्रभर गच्च्यांवर मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांना. तुमच्या खंडूचा फाटका कान आणि गालाखालचं गळू हाच त्याचा इतिहास आहे. एका ताटलीत खाणं, एकमेकांना चाटणं, एकाच मातीच्या ट्रेमध्ये जाणं याने होण्याची शक्यता फार फार कमी. शरीराबाहेर हा फार टिकत नाही, साध्या साबणाने मरतो. खंडू आणि पिठी भांडतात का, ते सांगा. सगळं त्यावर आहे.

तांबट_लेन
डॉक्टर, खूप आभार. भांडत नाहीत. पिठी त्याला एकदा फिस्स करते आणि तो खाली मान घालून बसतो. एकदा तिने त्याच्या तोंडावर पंजा मारला, तो उठून पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन बसला, बस.

जेलरोडची_मनी
ताई, आमचा सोन्या एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे, सात वर्षं झाली कळून, आता वय अकरा. घरात अजून दोन भाट्या आहेत, दोघी आजही निगेटिव्ह. सात वर्षांत त्याला दोनदा सर्दी आणि एकदा दातांचा त्रास, इतकंच काय ते. आम्हालाही पहिल्या ठिकाणी हेच सांगितलं होतं की झोपवा. मी तिथून बाहेर पडले ती रिक्षात रडतच घरी आले, मिस्टर म्हणाले उद्या दुसऱ्याला विचारू. दुसऱ्याने वजन केलं, तोंड उघडून बघितलं, ताप बघितला आणि म्हणाला याला झालंय काय, हा तर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. त्या एका वाक्यावर सात वर्षं काढली आम्ही.

इंदिरानगर_१९
सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. आमच्याकडे एक पॉझिटिव्ह मांजर आणली, तीन महिन्यांत तिच्याबरोबरची दोन पिल्लं गेली. एका ताटलीत खात होती, चाटत होती, भांडण अजिबात नाही. तेव्हा ताई, पिठीचा जीव धोक्यात घालू नका. मायेने निर्णय घेतला की पस्तावतो माणूस.

पशुवैद्य_निफाड
इंदिरानगर, पिल्लं गेली याचं वाईट वाटलं. एक विचारू? रिपोर्टवर एफआयव्ही लिहिलं होतं की एफईएलव्ही? किटवर दोन्हींचे ठिपके वेगळे असतात.

इंदिरानगर_१९
फाईल काढून बघितली. एफईएलव्ही लिहिलंय. मला आजपर्यंत वाटत होतं एकच.

पशुवैद्य_निफाड
एकच नाहीत. एफईएलव्ही म्हणजे ल्युकेमियाचा विषाणू. तो लाळेतून, चाटण्यातून, एका भांड्यातूनही पसरतो आणि लहान पिल्लांना फार वाईट. तिथे वेगळं ठेवायलाच हवं, तुमचं म्हणणं त्या आजारासाठी शंभर टक्के बरोबर आहे. एफआयव्हीचा कारभार वेगळा. ताई, तुमच्या किटवर दुसरा ठिपका उमटला होता का, ते दवाखान्यात फोन करून आजच विचारा.

कॉलेजरोड_कॅट
आणि एफआयपी तिसराच! तो कोरोना कुळातल्या विषाणूचा, पोटात पाणी भरतं तो. त्याला आता जीएस-४४१५२४ नावाचं औषध आहे, आमची झिपरी त्यावर बरी झाली. एफआयव्ही, एफआयपी, एफईएलव्ही, नावं इतकी सारखी की ग्रुपवर रोज कुणीतरी एकाचं औषध दुसऱ्याला सुचवतं.

तांबट_लेन
फोन केला. एफईएलव्ही निगेटिव्ह आहे. पहिल्यांदाच आज जरा जेवण गेलं मला.

देवळालीची_आजी
बाळा, आमच्या लहानपणी आजी सांगायची की मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं. कुणाची ऐपत होती सोन्याचं मांजर करायची, म्हणून कुणी हात लावत नसे. मला त्या एफबीएफचं काही कळत नाही, पण जो जीव थंडीत आपल्या दारात आला त्याला दूधभात घाल आणि राहू दे. ताप आला तर पाव गोळी पॅरासिटामॉल दे, आम्ही माणसांना देतो तशी.

पशुवैद्य_निफाड
आजी, बाकी सगळं ऐकतो तुमचं, पण पॅरासिटामॉल अजिबात नाही!! मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, पाव गोळीनेही मांजर मरू शकतं. हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, श्वास लागतो. कृपया वाचणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, माणसाच्या डब्यातली एकही गोळी मांजराला द्यायची नाही. दूधही मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा सोसत नाही, जुलाब होतात.

देवळालीची_आजी
अरे देवा. बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं मांजरं पाळली, हे कुणीच नाही सांगितलं. नातवाला सांगून फ्रीजवर लिहून ठेवते.

भद्रकाली_फिश
खाण्याचं मीपण सांगतो. आमच्या दुकानापुढे वीस-पंचवीस मांजरं असतात. लोक कच्चे तुकडे नेतात घरच्या मांजराला. अशा कमी प्रतिकारशक्तीच्या मांजराला कच्चं नका घालू, कच्च्यातले जंतू त्याला झेपत नाहीत. उकडून, काटे काढून, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता. आमचा गिऱ्हाईक कमी झाला तरी चालेल.

मखमलाबाद_द्राक्ष
विषय जरा बाजूला जातोय पण विचारतो. आमच्या मळ्यात बिबट्या येतो, उसात असतो आणि मळ्यातली मांजरं उचलतो. त्याला नाही का होत हा आजार? पॉझिटिव्ह मांजर खाल्लं तर?

पशुवैद्य_निफाड
छान प्रश्न. मोठ्या मांजरांचेही या कुळातले आपापले विषाणू आहेत. सेरेंगेटीच्या सिंहांत तर तो सर्रास आढळतो आणि ते त्याच्यासकट जगतात, अमेरिकेतल्या प्यूमांतही तसंच. २०१८ मध्ये गीरचे सिंह गेले ते यामुळे नव्हे, तो कॅनाइन डिस्टेम्पर, कुत्र्यांकडून येणारा. मळ्यातल्या कुत्र्यांना लस द्या, बिबट्यासाठी खरी काळजी तीच.

पंचवटी_फीडर
मी गोदाघाटाच्या बाजूला रोज चाळीसेक मांजरांना खायला घालते. हा धागा वाचून दोघींनी मला मेसेज केला की सगळ्यांची टेस्ट करून पॉझिटिव्ह वेगळी काढ. वेगळी काढून ठेवू कुठे? त्या टेस्टच्या पैशात मी किती ऑपरेशनं करून घेईन. बोक्याची नसबंदी झाली की मारामारी कमी, मारामारी कमी की चावा कमी, चावा कमी की हा आजार कमी. मला तर हेच सरळ दिसतं.

कॉलेजरोड_कॅट
पण ताई, जी आजारी दिसतात, तोंडातून लाळ गळते, त्यांची तरी करा ना. आणि घरी दत्तक द्यायच्या आधी तर हवीच, घरी आणणाऱ्याला माहीत असायला हवं.

पंचवटी_फीडर
दत्तक देताना करतेच, एफईएलव्हीसाठी तर नक्कीच. माझं म्हणणं रस्त्यावरच्या ठणठणीत मांजरांबद्दल आहे. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीने असंच कुणाचं तरी ऐकून तीन पिल्लं गोणीत घालून गावाबाहेर सोडली, कारण काय तर 'एड्सची मांजरं'. टेस्ट पॉझिटिव्ह होती म्हणे. पिल्लं अडीच महिन्यांची होती!

पशुवैद्य_निफाड
हे वाचून फार त्रास झाला. नीट समजून घ्या. किट एफआयव्हीचा विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, शोधतं. आई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या चिकातून ती पिल्लात येतात आणि पिल्लू निरोगी असूनही ठिपका उमटतो. बहुतेक अशी पिल्लं सहा महिन्यांची होईपर्यंत निगेटिव्ह होतात. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या पॉझिटिव्ह टेस्टवर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, नंतर पुन्हा करायची.
उलट बाजूही आहे. मोठ्या मांजराला आज चावा बसला तर प्रतिपिंडं तयार व्हायला दोन महिने लागू शकतात, म्हणून निगेटिव्ह आली तरी ६० दिवसांनी पुन्हा करावी. ताई, पिठीची आता करा आणि मग साठ दिवसांनी. खंडूचीही प्रयोगशाळेतून वेगळ्या पद्धतीने खात्री करून घ्या, एका किटवर आयुष्य ठरवू नका.

गंगापूर_रोड_निनावी
याची लस नाही का? पिठीला देऊन टाकली तर प्रश्नच मिटला.

पशुवैद्य_निफाड
अमेरिकेत २००२ मध्ये आली होती, काही वर्षांनी तिथे बंद झाली. विषाणूचे प्रकार अनेक, लस दोनच प्रकारांवरून बनवलेली, आणि लस दिलेलं मांजर नेहमीच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह यायचं, म्हणजे हरवलेलं मांजर सापडलं तर आजारी की लसवालं हे कळायचं नाही. तुमच्यासाठी लस म्हणजे खंडूची नसबंदी आणि बाल्कनीची जाळी.

नाशिकरोड_अनामिका
मला एक खाजगी गोष्ट विचारायची होती पण इथेच विचारते. आईची केमो सुरू आहे आणि आमची मांजर एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे. नातेवाईक रोज फोन करून सांगतात काढून टाका. आईला मात्र तीच हवी असते, सलाईन लावून आली की मांजर पायाशी घेऊन झोपते.

पशुवैद्य_निफाड
एफआयव्हीचा आईंना काही धोका नाही. पण दोघींची प्रतिकारशक्ती कमी आहे, तेव्हा मांजरातले बाकीचे जंतू, जंत, बुरशी, टॉक्सोप्लाझ्मा (मांजराच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी) यांची काळजी घ्या. मांजर घरातच ठेवा, कच्चं मांस नको, ट्रे रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा, नखं कापलेली ठेवा, जंताचं औषध वेळेवर. आणि आईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा. काढून टाकायची गरज नाही.

नाशिकरोड_अनामिका
धन्यवाद डॉक्टर. आईला वाचून दाखवलं. तिने हात जोडले.

जेलरोडची_मनी
बुरशीवरून आठवलं, सोन्याला गोल गोल चट्टे पडले होते तेव्हा एकाने ग्रिसिओफुल्विन लिहून दिलं होतं. आमच्या डॉक्टरांनी ते थांबवलं, आता कारण आठवत नाही.

पशुवैद्य_निफाड
बरोबर थांबवलं. एफआयव्ही असलेल्या मांजरात ग्रिसिओफुल्विनने अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात. दुसरी औषधं आहेत. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य 'हा एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे' हेच हवं.

तांबट_लेन
अपडेट देते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. खंडूचं वजन ४ किलो १००, ताप नाही. पण तोंड उघडलं तर मलाच बघवेना. मागच्या दाढांच्या बाजूची हिरडी लालभडक, मखमलीसारखी सुजलेली, बोट लावायच्या आधीच रक्त. आता कळलं की तो कोरडं खाणं मान तिरकी करून एका बाजूने का चावायचा आणि अर्धे दाणे का सांडायचे. मी त्याला घाणेरडा खातो म्हणून ओरडायचे. डॉक्टर म्हणाले आधी नसबंदी, जखम भरू दे, मग मागचे दात काढावे लागतील. पिठीची पहिली टेस्ट निगेटिव्ह. खंडूचं रक्त प्रयोगशाळेत गेलंय. सासूबाई अजून बोलत नाहीत.

सातपूरचा_दादा
दात काढले तर खाणार काय बिचारा?

जेलरोडची_मनी
दादा, सोन्याचे सगळे मागचे दात काढलेत, चौथ्या दिवशी त्याने ताटली चाटून भिंतीपर्यंत ढकलली. दुखणारा दात असण्यापेक्षा नसलेला बरा.

म्हसरूळकर
ताई, जाळीचं बघितलं का? कबुतरांची नायलॉनची लावू नका, बोका दातांनी आणि नखांनी महिन्यात भोक पाडतो. लोखंडी वेल्डेड जाळी घ्या, भोकं एक इंचाच्या आत, लाकडी चौकटीत बसवून. वाड्यात कौलांच्या आणि भिंतीच्या मधली फट विसरू नका, आमचा तिथूनच पळाला होता.

इंदिरानगर_१९
ताई, मी वर जे बोललो ते मागे घेतो. आमच्याकडे सुतारकामाचं सामान पडून आहे, चौकटीसाठी पट्ट्या हव्या असतील तर मेसेज करा, रविवारी आणून देतो.

तांबट_लेन
अडीच महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला. खंडूचा प्रयोगशाळेचा रिपोर्टही पॉझिटिव्हच आला, म्हणजे आहे त्याला, हे पक्कं. पिठीची साठ दिवसांनंतरची टेस्ट निगेटिव्ह. नसबंदी झाली, घरभर लघवीचे फवारे मारणं बंद झालं, मागचे नऊ दात काढले. पहिले तीन दिवस तो पलंगाखाली बसून होता, मी उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून चमच्याने देत होते. चौथ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात आवाज आला, जाऊन बघते तर सासूबाई ओट्यापाशी पाटावर बसून त्याला बोटाने भरवतायत आणि म्हणतायत, "हळू रे, कुणी नेत नाही तुझं." मी तशीच मागे फिरले.
वजन आता ४ किलो ६००. रेबीजची लस झाली, बाकीचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि दर महिन्याला वजन, ते लेक कालनिर्णयवर लिहिते, आकड्याशेजारी मांजर काढते. इंदिरानगरच्या दादांनी खरंच पट्ट्या आणून दिल्या, चौकट त्यांनीच ठोकली, चहासुद्धा घाईत घेतला.

इंदिरानगर_१९
खंडू मांडीवर येऊन बसला होता माझ्या, त्यामुळे उशीरच झाला निघायला. बायकोला दाखवायला फोटो पाठवा ताई.

देवळालीची_आजी
मलाही पाठव गं. नातू मोठा करून दाखवेल.

मखमलाबाद_द्राक्ष
मळ्यातल्या दोन बोक्यांना पुढच्या आठवड्यात नसबंदीला आणतोय. पंचवटी ताई, पिंजरा मिळेल का दोन दिवस?

पंचवटी_फीडर
मिळेल दादा. आदल्या रात्री आठनंतर खायला घालू नका त्यांना, आणि पिंजऱ्यावर टाकायला जुनी चादर आणा, अंधार असला की ओरडत नाहीत.